सपक

गढा भागात राहणारे प्रल्हाद देवघरे मालवाहू जहाजावर चीफ कुक होते, आणि शेजाऱ्यांचा पक्का समज होता की ते नौदलात आहेत. फौजी कॅन्टीनची स्वस्त बाटली कधी आणता, असं कोणी विचारलं की सुरुवातीला ते फरक समजावून सांगत. पुढे पुढे नुसतं ‘पुढच्या खेपेला’ म्हणू लागले. फौजी माणसाला निवृत्तीनंतर पेन्शन असते. प्रल्हादरावांना फक्त पुढचं कंत्राट असे, आणि साठी जवळ आल्यापासून तेही वैद्यकीय तपासणीच्या डॉक्टरांच्या मर्जीवर अवलंबून होतं.

सुट्टीवर आले की पहिला आठवडा ते पत्नीला, सुरेखाबाईंना, जहाजावरची गाऱ्हाणी ऐकवत. युक्रेनच्या कॅप्टनला रोज बटाट्याचं सूप लागे आणि रोज ते खारट वाटे. फिलिपिनो खलाशी भात नसला तर न्याहारी झाली असं मानतच नसत. पंजाबी इंजिनियरला वादळातही गरम फुलका हवा, आणि तेव्हा इकडे पातेली बांधून ठेवलेली असत. जो तो ताट हातात घेऊन तक्रार करायला येई.

“निवृत्त झालो की मेस काढतो,” प्रल्हादराव म्हणत. “जमिनीवर.”

यंदा सुरेखाबाईंनी ते मनावर घेतलं. त्यांची मैत्रीण विभावरी नेपियर टाउनमध्ये कोचिंगच्या मुलींसाठी मेस चालवायची. ती लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला निघाली होती. परत येईपर्यंत मेस तुम्हीच चालवून पाहा, असं सुरेखाबाईंनी नवऱ्याला सुचवलं आणि विभावरीला होकारही कळवून टाकला.

प्रल्हादराव पांढरी उंच टोपी घालून हजर झाले. भाजी, डाळ, पुलाव, सगळं घड्याळाच्या ठोक्याला मांडलं. मुलींनी जेवून ‘थँक्यू अंकल’ म्हटलं. एकीनंही तक्रार केली नाही. इतकी सज्जन गिऱ्हाइकं साऱ्या जगात पाहिली नाहीत, असं त्यांनी संध्याकाळी घरी जाहीर केलं.

तीन-चार दिवसांनी त्यांचं लक्ष बादलीकडे गेलं. गाईसाठी ठेवलेली उष्ट्याची बादली दोन्ही वेळेला काठोकाठ भरत होती. गाय तर आता मुलींच्या आधीच दारात येऊन उभी राहायची. मग एकदा ते कोथिंबीर आणायला बाहेर पडले, तर नुकत्याच जेवून गेलेल्या मुली समोरच्या मोमोच्या गाडीवर तुटून पडलेल्या. प्रल्हादराव कोथिंबीर न घेताच परतले. जहाजावर माणसं कितीही कुरकुरली तरी जाणार कुठे? इथे रस्ता ओलांडला की झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मझौली गावाहून आलेल्या कादंबरी नावाच्या मुलीला बाजूला बोलावून खरं काय ते विचारलं. ती बिचारी ओढणीशी चाळा करत राहिली.

“अंकल, बुरा मत मानिएगा,” ती शेवटी म्हणाली. “ख़राब कुछ नहीं है। बस, सब एक जैसा लगता है।”

घरी आल्यावर ते सरळ स्वयंपाकघरात गेले. सुरेखाबाई पोळ्या लाटत होत्या.

“माझ्या हातचं सपक लागते काय?”

“हो.”

“कधीपासून?”

“यश पहिलीत होता तेव्हापासून.”

त्यांचा मुलगा यश आता बंगळुरूला नोकरी करत होता. प्रल्हादरावांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसले.

“मग काहून नाही सांगितलं?”

“तीन महिन्यांचे पाहुणे तुम्ही. पाहुण्याला असं कोणी सांगते का? आता कायमचे यायचं म्हणता म्हणून सांगते.”

प्रल्हादराव विचारात पडले. कॅप्टनच्या रक्तदाबासाठी मीठ कमी केलं होतं, खलाशांसाठी तिखट काढलं होतं, कोणाला हिंगाचा वास नको म्हणून हिंग गेला होता. ज्याने ज्याने तोंड वाकडं केलं, त्याच्यासाठी पातेल्यातून काहीतरी वजा झालं होतं. इतक्या वर्षांनी उरलं होतं ते कोणालाच खुपणार नाही असं अन्न.

सुरेखाबाईंचं मात्र अजून संपलं नव्हतं. नळ अर्धवट बंद करता, पहाटे उठून डबे आपटता, फोनवर वाऱ्यात उभं असल्यासारखं ओरडता, असं त्या पोळी उलटता उलटता सांगत राहिल्या. प्रल्हादरावांना धडकी भरली. पण ‘कायमचे’ हा शब्द त्यांना बरा वाटला. ते ऐकत बसले आणि एक पोळी जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर दोघं मेसला निघाली. सुरेखाबाईंनी पाटवडीचा रस्सा केला आणि नवऱ्याला कांदे चिरायला बसवलं. टोपी त्यांनीच काढायला लावली. मुली नाक पुसत जेवल्या, पुन्हा वाढून घेतलं, आणि तोंड उघडलं ते तक्रारीलाच: तिखट जास्त झालंय, लिंबू कुठाय, पोळी जाड का. प्रल्हादराव सवयीने तावातावाने उठले. सुरेखाबाईंनी एकदा पाहिलं, तसे बसले. गाय त्या दिवशी बराच वेळ थांबून निघून गेली.

त्याच आठवड्यात मुंबईहून जहाजाची कंत्राटं देणाऱ्या एजंटचा फोन आला. महिनाअखेर जहाज कांडल्याला लागणार होतं. प्रल्हादरावांनी फोनवर हात ठेवून बायकोला, जाऊ काय, म्हणून विचारलं. त्यांनी उलट, तुम्हाला काय वाटते, म्हणून विचारलं.

“डॉक्टरसमोर पोट आत घेऊन घेऊन कंटाळा आला आता,” ते म्हणाले, आणि एजंटला नाही सांगितलं. मग बराच वेळ लसणाची एकच पाकळी सोलत राहिले. सुरेखाबाईंनी चहा ठेवला.

विभावरी परतली तेव्हा मुलींनी सुरेखाकाकूंना मेस सोडू दिली नाही. दोघंही तिथेच कामाला राहिली. त्या चुलीपाशी, ते बाजारहाटाला आणि चिरण्याला. दुपारचे दोन तास प्रल्हादरावांना अजून जड जातात. तेव्हा ते भाजीवाल्याशी विनाकारण हुज्जत घालतात, नाहीतर जेवणाच्या लांब बाकावर पाय पसरून झोपतात.