बोटीवरची धुरी

लोकांना वाटतं आम्ही हौसेनं बोटीवर राहायचो. हौस कसली डोंबलाची. हौस नवऱ्याची होती, मी फक्त तिच्यात राहायला गेले. नागपुरात वाढलेल्या माणसाला पाण्याचं एवढं वेड कुठून लागलं, देव जाणे. रेडमंडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो नोकरीला होता. बरोबरचे सगळे अपार्टमेंट नाहीतर टाउनहाऊस बघत होते, आणि यानं एका म्हाताऱ्या जोडप्याकडून पस्तीस फुटी जुनी बोट घेऊन टाकली. सिएटलमधून एक रुंद कालवा जातो, तळ्यातून समुद्राकडे. त्याच्या काठी धक्क्याला दोरांनी बांधलेलं आमचं घर, गोठ्यात म्हैस बांधावी तसं. फोनवर तो नुसता "वॉटरफ्रंट आहे" म्हणाला होता. २००२ साली लग्न होऊन मी तिथं पोचले तेव्हा वाटलं, हा गंमत करतोय, घर पुढं कुठंतरी असेल. पुढं काही नव्हतं. नुसतं पाणी होतं.

मी भांडले, आठ दिवस तोंड फुगवून बसले, आणि मग मुकाट्यानं शिकले. दर शनिवारी धक्क्यावरच्या नळाला पाइप लावून पिण्याची टाकी भरायची. संडासाची टाकी वेगळी, ती भरली की पंपवाल्याला बोलावून उपसून घ्यायची. शेजाऱ्यांचं काम कागदावर चालायचं, आपल्याला पाण्याशिवाय जमत नाही. त्यामुळे त्यांची टाकी तीन आठवडे पुरायची आणि आमची आठव्या दिवशी तोंडाशी यायची. वीज धक्क्यावरच्या खांबातून एका जाड वायरीनं यायची. हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की फट्, सगळं बंद. एकदा मी इंडियन ग्रोसरीतून तांदळाची पोती, आटा, डाळी आणून सगळं एकाच अंगाच्या कपाटात रचलं, तर बोट त्या बाजूला कलली आणि वरणाचं पातेलं स्टोव्हवरून घसरायला लागलं. नवरा पोट धरून हसला. मी ते सगळं सामान पुन्हा निम्मं-निम्मं वाटून लावलं.

आणि ती डबी. बिछान्याजवळच्या भिंतीवर नवऱ्यानं एक पांढरा अलार्म लावला होता, धुरासाठी आणि विषारी वायूसाठी मिळून एकच. एरवी कशातच लक्ष न घालणारा माणूस, पण त्या डबीबाबत फार कडक. "बाकी वाट्टेल ते कर, याला हात लावू नकोस," म्हणाला. बंद बोटीत इंजिनाच्या नाहीतर स्टोव्हच्या वायूनं माणसं झोपल्या जागी जातात, त्याला वास नसतो, रंग नसतो, हे त्यानं मला दोनदा बसवून सांगितलं. मी हो म्हटलं. पण मी जेवण करायचं की नाही? मोहरी तडतडली की ती किंचाळणार, मिरची पडली की किंचाळणार. मला सातवा महिना होता. एका दुपारी आमटीला फोडणी देताना ती अशी काही कोकलली की मी दचकले, कढई कलंडली, आणि उकळतं तेल माझ्या पावलापासून वीतभर अंतरावर सांडलं. तिरीमिरीत मी डबी उतरवली, बॅटरी काढली, आणि दोन्ही मसाल्याच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. नंतर लावू म्हटलं. नंतर त्याच खिळ्याला मी कपडे वाळत घालायची दोरी बांधली, आणि त्या कपड्यांआड तिथली भिंत दिसेनाशी झाली. नवऱ्यानं मध्ये दोनदा विचारलं, "डबी चालू आहे ना?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "हो रे बाबा."

माझ्या बाळंतपणाला आई साताऱ्याहून आली. धक्क्यावर ती माझा हात गच्च धरून उभी राहिली आणि दोरांना हिसके देणारी बोट बघत होती. मग हळूच मला म्हणाली, "जावयांची नोकरी गेली का गं?" पहिले चार दिवस ती भिंतीला धरून चालली. पण बाई खमकी. पाचव्या दिवशी तिनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मसाल्याच्या ड्रॉवरमध्ये डबी दिसली तेव्हा विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "फोडणीला ओरडतं मेलं, म्हणून काढलंय." तिनं मान हलवली आणि जिऱ्याचा डबा उचलला.

जानेवारीत मुलगी झाली. आईनं साताऱ्याहून डिंक, बाळंतशेपा, वावडिंग, ओवा, सगळं आणलं होतं. फक्त धुरीला कोळसे नव्हते, आणि त्यावाचून तिचा जीव वरखाली होत होता. बाळाला मालीश, आंघोळ आणि मग धुरी, नंतर बाळंतिणीला शेक. आमच्याकडे दुसरी रीतच नाही. शेजारच्या बोटीवर एक सत्तरीचे आजोबा राहायचे, पूर्वी मासेमारीच्या जहाजावर होते. ते भर पावसात धक्क्यावर छत्री धरून मांस भाजायचे. आईनं त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, "ते काय पेटवतात?" मी आजोबांकडून अर्धी पिशवी कोळसे मागून आणले. मीच आणले, हे मला सांगायलाच हवं.

आई मागच्या डेकवर जुन्या लोखंडी कढईत कोळसे फुलवायची. धूर पूर्ण जाऊन ते लालभडक झाले की मगच आत आणायची. धूर नाही म्हणजे काही नाही, असं तिला वाटायचं, मलाही वाटायचं. बाळाला वारं लागू नये म्हणून खिडक्या बंद, वर डेकवर निघायची झडप ओढलेली. ओवा, शेपा, लसणीची सालं टाकून बाळाला धुरी झाली की कढई माझ्या बिछान्याशेजारी शेकायला.

बाळ झोपायला लागलं. दिवसभर किरकिरणारं पोर धुरीनंतर तीन-तीन तास हलायचं नाही. आई म्हणायची, "बघ, याला म्हणतात धुरी." मी मैत्रिणीला फोन करून सांगितलं की माझी आई आली आणि बाळ शहाणं झालं. माझं डोकं दुखायचं, ते बाळंतपणाचं. आईला मळमळायचं, ते बोटीचं. "या मेल्या होडीनं पोटातलं पाणी हलतं," असं म्हणत ती लिंबू चोखायची. आम्ही दोघी त्या झोपेकडे कौतुकानं बघत बसायचो.

तेविसाव्या दिवशी खूप गारठा होता. नवरा सकाळच्या बसनं रेडमंडला गेलेला. आंघोळीचं पाणी तापवताना हीटरही चालू होता, वीज गेली. आई म्हणाली, "असू दे, कोळसे जास्त घालते." आंघोळ झाली, धुरी झाली. बाळाचे गाल छान गुलाबी झाले होते, मला वाटलं अंग धरतंय. आई जमिनीवर बसून बिछान्याच्या कडेला डोकं टेकून होती. मला वाटलं दमली. तिला म्हणावं, वर येऊन नीट झोप. पण जीभ उचलेना. हात उचलेना. आणि त्याचं मला काही वाटलंसुद्धा नाही, हे सगळ्यात भयंकर.

खांबावरचा आमचा दिवा विझलेला बघून शेजारचे आजोबा बटण पुन्हा चालू करू का विचारायला आले होते. तीन माणसं आत आणि हाकेला ओ नाही, म्हणून त्यांनी झडप उघडली. त्यांनी आधी बाळाला नेलं, मग मला ओढत वर काढलं, मग आईला. मला आठवतं ते एवढंच की मी पावसात धक्क्याच्या ओल्या फळ्यांवर ओकत होते, आणि आजोबा माझ्या मुलीच्या तळपायांवर टिचक्या मारत होते, एक, दोन, कितीतरी. ती रडत नव्हती. मग रडली.

हॉस्पिटलमध्ये तिघींना ऑक्सिजन लावला. नवरा आला तेव्हा त्याच्या गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच लटकत होतं. मुलगी वाचली, पुढं काही त्रास राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत तो उभाच होता. मग अग्निशामक दलाचा माणूस आला. तो म्हणाला, अलार्म ड्रॉवरमध्ये सापडला, बॅटरी काढलेला. कुणी काढला?

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. अशी नजर मी त्याच्या डोळ्यांत त्याआधी कधी पाहिली नव्हती. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं. तेवढ्यात शेजारच्या कॉटवर आईनं तोंडावरचा मास्क वर केला. अलार्म आणि बॅटरी हे दोन शब्द तिला कळले असणार.

"फोडणीला ओरडतं मेलं," ती म्हणाली, "म्हणून मी काढलं."

माझेच शब्द, जसेच्या तसे. मी तोंड मिटलं.

नवरा सासूवर ओरडला नाही, तसा तो नाही. घरी आल्यावर शांतपणे म्हणाला, "आई, मी ऑफिसला असताना बाळाचं आंघोळ-मालीश काही नको. मी आल्यावर बघू." आई म्हणाली, "बरं." पुढचे सहा आठवडे ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. संध्याकाळी तो दारात उभा राहायचा आणि ती त्याच्यासमोर नातीला तेल लावायची, परीक्षा द्यावी तशी. आणि मी काय केलं? एकदा त्याच्यादेखत मीही म्हणाले, "आई, तू निदान विचारायचंस तरी." लाज वाटते, पण म्हणाले. ती परत गेली आणि साताऱ्यात सगळ्यांना सांगत राहिली, "माझ्या अडाणीपणानं पोरी मरता मरता वाचल्या."

दोन वर्षांनी बोट विकली. आम्ही समुद्रापासून लांब नेपरव्हिल गावाला आलो, बेसमेंट असलेलं, अजिबात न हलणारं घर घेतलं. २००८ साली दुसऱ्या बाळंतपणाला आई पुन्हा आली. पहिल्या दिवशी तिनं बॅग उघडण्याआधी वर छताकडे बघत सगळ्या खोल्यांतून चक्कर मारली. प्रत्येक अलार्मखाली थांबून मला विचारलं, "चालू आहे ना?" शेवटी माझ्यानं राहवलं नाही. स्वयंपाकघरात दोघीच होतो. विचारलं, "आई, तू तेव्हा असं का सांगितलंस?"

ती गवार मोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी दोन महिन्यांत जाणार होते. तुला तिथं राहायचं होतं." आणि मूठभर शेंगा माझ्यापुढं सारून, "आता उगाळू नकोस. देठं काढ."

मुलगा झाला. बाराव्या दिवशी सकाळी आईनं बाथरूममध्ये पाट मांडला, वाटीत तेल कोमट करून आणलं. नवरा ऑफिसला निघाला होता. किल्ली हातात घेऊन तो बाथरूमच्या दाराशी थांबला आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, "आई, मी लवकर येतो. मग घालू या ना आंघोळ?"

आईनं वाटी खाली ठेवली. तिला ते इतकं सवयीचं होतं की चेहऱ्यावर काही उमटलंही नाही. तेच मला बघवलं नाही.

"अलार्म मी काढला होता," मी म्हटलं. "आई यायच्या आधीच. तू विचारलंस तेव्हा दोन्ही वेळा खोटं बोलले."

"गप गं," आई म्हणाली.

"कोळसेही मीच मागून आणले होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. हॉस्पिटलमधली तीच नजर, पाच वर्षं उशिरा, नेमक्या माणसावर. मग त्यानं आईकडे बघितलं, आणि ती नजर त्याला धरवेना. किल्ली खिशात टाकून तो तिथंच उंबऱ्यावर, पँटची घडी मोडत, मटकन खाली बसला.

मी वाटी उचलून आईच्या हातात दिली. तिनं पाय लांब केले, त्यांच्यावर नातवाला पालथं घेतलं, कोपरानं पाणी बघितलं.

"दार लोटून घे," ती म्हणाली, "वारं येतंय."

मी दार उघडंच ठेवलं.