मोठीच घ्या, कामाला येईल

मोठी वस्तू म्हणजे चांगली वस्तू, हे आमच्याकडे ज्याने कुणी ठरवलं त्याला मला एकदा गाठायचं आहे. पोराला सदरा शिवायचा तर वाढत्या अंगाचा. चप्पल घ्यायची तर पुढे दोन बोटं मोकळी राहील अशी. घरात माणसं तीन आणि पातेलं मात्र पंगतीचं. मी शाळामास्तर, दिवसभर पोरांना वजनं-मापं शिकवणारा, पण वागलो तसाच. माझ्या त्या अकलेपायी माझे वडील नदीकाठी एकटे गेले असते. आज इतक्या वर्षांनी हे सांगतानाही माझं डोकं फिरतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. केदारखेड्याच्या आसपासच्या गावांत ते पोस्टमन होते. सगळी नोकरी टपालाची थैली खांद्यावर वाहिली. डाव्या खांद्याला पट्ट्याची खाच पडली होती, ती सदरा काढला की दिसायची. नोकरी संपली, पाठोपाठ आई गेली. मग त्यांना एकच नाद उरला, रविवारी पूर्णेवर जाऊन मासे धरायचे. तेही आपल्या पद्धतीने. गांडूळ नको, कणकेची गोळी नको. कोंबड्याचं पीस बारीक दोऱ्याने गळाला बांधून त्याची माशी करायची आणि ती पाण्यावर नाचवायची. नदीकाठी मुक्कामाला येणाऱ्या कुण्या साहेबाला टपाल द्यायला जाताजाता ते हे शिकले होते. गावात लोक हसायचे. "पोस्टमन माशाला पिसं चारून राह्यला," म्हणायचे. दादांना त्याचं काही नव्हतं.

बाहत्तरच्या दुष्काळात नदीची नुसती वाळू झाली, तरी ते रविवारी काठावर जाऊन बसत. पुढे पाणी आलं आणि त्याच वर्षी त्यांच्या छातीत कळ आली. मी त्यांना जालन्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "चाला, नदीवर जा, मासे धरा. पण वजन उचलायचं नाही. आणि कळ आली की ही गोळी ताबडतोब जिभेखाली." काचेची एक छोटी बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. गोळी कायम दादांच्या अंगाशी पाहिजे, असंही बजावलं.

म्हणून आम्ही तिथूनच बाजारात गेलो. दादांची जुनी थैली भारी होती, नवी हलकी घ्यावी म्हटलं. दुकानदाराने विचारलं, काय पाहिजे. दादांनी हातानं माप दाखवलं. "दोन वितीची पुरं. खांद्यावर हाये का न्हाई, कळलं न्हाई पायजे."

दुकानदार हसला आणि दादांना सोडून माझ्याकडे वळला. "मास्तर, इतकी छोटी घेऊन क्या करते? ही बघा. बिलकुल मजबूत. चार कप्पे. मोठीच घ्या, कामाला येईल." त्याने खाकी कॅनव्हासची एक धूड बॅग काऊंटरवर आपटली. पितळी बकलं, जाड पट्टे. रिकामीच उचलली तर हात खाली गेला.

आता बघा. ज्या माणसाचा जन्म खांद्यावर थैली वागवण्यात गेला, तो माणूस समोर उभा. पिशवीतलं त्याच्याइतकं त्या बाजारात कुणाला कळत होतं? त्याला दुकानदाराने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. पैसे जवळजवळ तेवढेच पडत होते, मग लहान कशाला घ्या? मीच म्हणालो, "दादा, उगं हट्ट करू नका." मी मोठी बॅग घेतली आणि वर स्वतःवर खूषही झालो.

मोठी बॅग घरात आली की ती भरावीच लागते. बायकोने चार भाकरी आणि ठेचा घातला, वर पिठल्याचा डबा. मी पाण्याची मोठी बाटली घातली, घोंगडी घातली, छत्री घातली, टॉर्च घातला. भर दुपारी नदीवर टॉर्च! गोळ्यांची बाटली सांडू नये म्हणून फडक्यात गुंडाळून तळाच्या कप्प्यात ठेवली आणि वरून बकल लावलं. वजन उचलायचं नाही, हे वाक्य मीच घरी येऊन सगळ्यांना सांगितलं होतं. मीच.

दादा दर रविवारी ती बॅग घेऊन निघत आणि संध्याकाळी परत येत. कधी एखादी मरळ, कधी काहीच नाही. डबा मात्र घासूनपुसून रिकामा असे. मला धन्य वाटायचं. चार-चार भाकरी पचतात म्हणजे तब्येत सुधारली. शाळेतही मी हे कौतुकाने सांगायचो.

असं वर्षभर चाललं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तीच बॅग घेऊन वांगी आणायला निघालो. नदीच्या वाटेवर दादांच्या एका जुन्या दोस्ताचा मळा होता. मी बांधावर पाय ठेवतो न ठेवतो तोच गोठ्यातून एक कुत्रा धावत आला. मी ओरडलो. पण त्याला माझ्याशी काही घेणं नव्हतं. त्याने सरळ बॅगेत तोंड खुपसलं, हुंगलं, आणि शेपूट हलवत पुढ्यात बसून राहिला.

मळेवाला हसायला लागला. "बॅगेला वळखतंय ते, मास्तर. दर ऐतवारी भाकरी खातंय न्हवं यातल्या."

"कुणाच्या भाकरी?"

त्याचं हसू गेलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दादा मळ्यापर्यंत कसेबसे यायचे. गोठ्यातल्या खुंटीला बॅग टांगायचे. खिशात दोरा आणि पिसाच्या माश्या, मुठीत शेंगा, एवढं घेऊन ते पुढे कोसभर नदीवर जायचे. येताना बॅग उचलायची, भाकरी कुत्र्याला घालायच्या, डबा हिरीवर धुवायचा.

"आन् गोळ्या?" मी विचारलं.

"कसल्या गोळ्या? एक बार छाती धरून बसले व्हते काठावर. मी बैलांना पाणी पाजायला गेल्तो, म्हून दिसलं. म्हन्ले, बसू द्या जरा. लई येळानं उठले."

मी तिथेच बॅग उलटी केली. तळाचं बकल उघडलं. फडकं तसंच होतं, बाटलीचं बूचसुद्धा कुणी फिरवलेलं नव्हतं. वर्षभर माझे वडील नदीवर आणि त्यांचा जीव कोसभर मागे, गोठ्यातल्या खुंटीला. वांगी न घेताच मी घरी आलो.

दारातूनच ओरडलो. "दादा, का फसवलं आम्हाला? काही झालं असतं म्हणजे?"

दादा गळाला पीस बांधत बसले होते. हातातला दोरा त्यांनी सोडला नाही. "दुकानात सांगितल्तं मी. तू ऐकलं का?"

"मग नंतर तरी सांगायचं."

"सूनबाई अंधारात उठून भाकरी थापती. तिला काय सांगू, की मला जड होऊन राह्यलं म्हून?"

मला भयंकर राग आला. त्यांचा नव्हता तो, माझाच होता. काढणार तरी कुणावर?

तो मी शिंप्यावर काढला. दादांचा जुना खाकी सदरा घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्याकडे गेलो. दोन वितीची पिशवी, पट्टा हलका, आणि बाहेरून बाटलीपुरता एक खिसा, असं सांगितलं. त्याने सदरा पसरला, टेपने मापला आणि म्हणाला, "मास्तर, कापड लई उरतंय. जरा मोठी शिवतो की. कामाला..."

"उरू द्या!" मी असा खेकसलो की त्याचं मशीन थांबलं. मग माझ्यासमोर बसून त्याने निमूटपणे दोन वितीची पिशवी शिवली.

त्याच दुपारी दादांनी ती भरली. बाटली त्यांनी सगळ्यात आधी बाहेरच्या खिशात ठेवली. मग दोऱ्याचं रीळ, माश्यांची डबी, फडक्यात एक भाकरी. एवढ्यात पिशवी भरली. खांद्यावर अडकवून त्यांनी खांदा दोनदा हलवून पाहिला आणि म्हणाले, "बराबर."

मी दारात उभा होतो, हातात दोन पेरू होते. ते माझ्याकडे बघत थांबले, पिशवीचं तोंड जरा उघडूनही धरलं. मी हात पाठीमागे नेला.

"जा तुम्ही," मी म्हणालो. "उशीर होतोय."