उपास तिने केला नव्हता

"शुगर अठ्ठावीस," यंत्राकडे पाहत डॉक्टर म्हणाले. "हायपोग्लायसेमिया आहे. काका, यांनी काल काय खाल्लं होतं?"

हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर फार खाली जाणे. माझी बायको कुसुम खाटेवर डोळे अर्धवट उघडे ठेवून पडली होती. नर्स तिच्या हातात सुई शोधत होती. मी म्हणालो, "काल मार्गशीर्षातला गुरुवार होता. तिने उपास केला."

ते खोटं होतं. मधुमेह निघाला तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षांपासून, तिने एकही उपास केला नव्हता. खरं काय घडलं ते इथे लिहितो.

मी तुमसरच्या एका राइस मिलमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे दोन्ही वेळा भात. यंदा दिवाळीनंतर मोबाइलवर मी म्हाताऱ्यांच्या हिवाळी आहाराचे व्हिडिओ पाहू लागलो. भात बंद, बाजरी सुरू, सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस, संध्याकाळी पाचनंतर काही खायचं नाही. मी नागपूरहून बाजरीचं पीठ मागवलं.

कुसुमला खालचे दात नाहीत. ती भाकर दुधात भिजवायची आणि पाव भाकरीवर थांबायची.

"मिलवाल्याच्या घरी भात नाही, लोक हासतीन जी," ती म्हणायची.

"हासू दे. शुगर वाढली तर तेच लोक पाहाले येतीन," मी म्हणायचो.

जेवण एवढंसं झालं, पण शुगरची गोळी पूर्वीचीच राहिली. मीच रोज तिच्या तळहातावर ठेवायचो. ती गोळी साखर खाली ढकलते, म्हणून पोटात अन्न हवंच, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.

आठवडाभर आधी सकाळी तिचं पोलकं घामाने भिजलेलं दिसलं. बाहेर कडाक्याची थंडी होती. तिचे हात कापत होते. "आज पाणी आलं का नळाले?" हेच तिने तीनदा विचारलं. मला वाटलं, थंडी बाधली. मी कारल्याचा रस दिला.

त्या गुरुवारी शेजारणीने नव्या तांदळाचा भात आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी आणून दिली. सात वाजले होते. कुसुमने ताट वाढून घेतलं. मी ते उचललं. "पाच कधीचे वाजून गेले," म्हणालो. ती तशीच गोळी घेऊन निजली. सकाळी उठवली तर उठली नाही.

सलाइनमधून ग्लुकोज दिल्यावर साखर वर आली, कुसुम मात्र पूर्ण जागी झाली नाही. नागपूरला नेलं. तिथे एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचे आतले फोटो काढतात तो. चार दिवस आयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीवर काढले. पाचव्या दिवशी ती शुद्धीवर आली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नाही. स्मरणाचा भाग दुखावलाय. किती परत येईल, आज सांगता येणार नाही."

त्याच दिवशी मुलगी सुनंदा आईच्या उशाशी बसून म्हणाली, "किती खेपा सांगतलं तुले, उपास नोको करू म्हून! आयकतच नाही तू कोणाचं." कुसुम तिच्याकडे नुसती पाहत राहिली. मी खिडकीपाशी उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

नातेवाईक भेटायला आले. प्रत्येकाने तिच्या हट्टाला दोष दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. दीड महिना मी तो हात ठेवू दिला.

संक्रांतीनंतर सुनंदाला सगळं सांगितलं. ती माझ्यासमोरून उठली. मग आईजवळ जाऊन म्हणाली, "आई, उगीच बोलली वो मी तुले." कुसुमने तिच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "तू कोणाची वो, पोरी?"

सुनंदा अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. तरीही दर रविवारी येते, हे तिचे उपकार.

माझ्या वयाच्या माणसांना सांगतो. हिवाळ्यात चावेल ते, गरम, वेळेवर आणि पोटभर खा. आहार बदलायचा तर आधी गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या माणसाला थंडीत घाम सुटला, हात कापू लागले, बोलणं भरकटलं, तर तो शुद्धीत असताना लगेच साखरपाणी द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ न्या. आणि डॉक्टरांना खरं सांगा.

दोन्ही दवाखान्यांतल्या लोकांनी तिला जिवंत परत दिलं. त्यांचे आभार मानायला मला तोंड नाही, तरी मानतो.

कुसुमला आता लेक आठवत नाही. माझं नावही आठवत नाही. पण ताट पुढे ठेवलं की पहिला घास हातात धरून ती माझ्याकडे पाहते आणि विचारते, "खाऊ का जी?"

मी "खा" म्हणतो. दुसऱ्या घासाला ती पुन्हा विचारते.