पाळीच्या वेळेचा डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही एवढं सोडून बाकीचं सगळं बोलते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही आमच्या गल्लीतले नाही, म्हणून असेल.

आधी मंगलबद्दल सांगते. नाही — आधी फाउंड्रीबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचे हे आणि शेजारच्या मंगलचे मालक, दत्तू भाऊजी, दोघं शिरोलीकडच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होते. आमची घरं भिंतीला भिंत लावून. पाळी एक, सकाळी दोघांच्या सायकली बरोबर निघायच्या. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली आणि कारखाना डळमळायला लागला. माणसं कमी करणार अशी कुणकुण लागली, तसं आमच्या ह्यांचं डोकं फिरलं. "त्यांनी काढायच्या आधी आपुनच सोडायचं. काढल्याला गडी म्हणून फिरायचं न्हाय मला," म्हणाले आणि राजीनामा देऊन मोकळे झाले. मी तरी काय कमी? दुसऱ्या दिवशी नळावर ताठ मानेनं सगळ्यांना सांगितलं — सोडलंय, काढलेलं नाही. आमच्याकडे या दोन शब्दांत फार अंतर असतं. दत्तू भाऊजी मात्र चिकटून राहिले, आणि थोड्याच दिवसांत फाउंड्रीला कुलूप लागलं.

पुढं मंगलकडूनच कळलं, की कारखाना बंद पडून ज्याचं काम गेलं त्याला कामगार विम्यातून काही महिने निम्मा पगार मिळतो. घरच्यांचं औषधपाणीही चालू राहतं. आणि ज्यानं आपल्या हातानं सोडलं, त्याला? त्याला काही नाही. इतकी वर्षं विमा दोघांच्याही पगारातून कापला गेला होता. पण आमची मान ताठ होती ना!

हे मार्केट यार्डात गुळाचे रवे, त्या जड ढेपा, उचलायला लागले. फाउंड्रीतला चांगला कारागीर माणूस, संध्याकाळी पाठ शेकून घ्यायला पालथा पडायचा. आणि भिंतीपलीकडे मंगलची पोरगी सुनीता नर्सिंगच्या कोर्सला जात होती, त्या विम्याच्या भत्त्यावर. माझ्या पोटात दुखायचं. दुसरा शब्द नाही त्याला.

दत्तू भाऊजींनी गल्लीत सांगितलं होतं, गोकुळ शिरगावला नवं काम लागलं म्हणून. रोज पाळीच्या वेळेला डबा घेऊन सायकलवरून जायचे. आधी मीही खरंच समजत होते. मग एके दुपारी मंगल माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. काम कुठलं आलंय? भाऊजी पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसायचे. तिथंच डबा खायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचे. घरी बसलेला माणूस म्हणून गल्लीनं बघू नये, एवढ्यासाठी. झाकली मूठ. भत्त्याचंही मला तेव्हाच कळलं. बाकी कुणाला त्यांनी कळू दिलं नव्हतं, आणि कुणाला सांगू नकोस म्हणून मंगलनं मला शपथ घातली. मी तिला चहा करून दिला, पाठीवरून हात फिरवला. खोटा नव्हता तो हात. तुम्हाला पटतंय का? मलाच धड पटत नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी एक माणूस आला. मी दारात लसूण सोलत बसले होते. मंगल गिरणीत दळपाला गेली होती, तिच्या दाराला कडी. "कोण पाहिजे पावणं?" मी विचारलं. त्यानं भाऊजींचं नाव घेतलं, कामगार विम्याच्या ऑफिसातून आलोय म्हणाला. ते दिवसा घरी असतात का, एवढंच विचारत होता.

"न्हाईत. रोज जात्यात की डबा घेऊन. पाळीच्या वेळेला."

कुठं जातात, त्यानं विचारलं.

"ते मला काय ठावं?"

बस्स, एवढंच. तो गेला आणि मी उरलेला लसूण सोलला.

पहिल्या वाक्यात खोटं काही नव्हतं — यावर मी कितीतरी दिवस काढले. मी दिसलं ते सांगितलं, हो की नाही? पण दुसरं वाक्य? घाटाची ती पायरी मला ठाऊक होती. एक शब्द बोलायचा होता. मी तो गिळला, आणि गिळताना मला बरं वाटलं. हेच सांगायला एवढा वेळ लागला.

भत्ता थांबला. काम करतोस आणि वर भत्ताही घेतोस, असं भाऊजींना सुनावलं गेलं. त्यांनी घाटाचं सांगितलं, तर कुणी विश्वास ठेवेना. गल्लीतलं कुणी येऊन सांगेल तर बघू, ऑफिसातले म्हणाले. पण गल्लीला तर भाऊजींनीच गोकुळ शिरगाव सांगितलेलं! खरं ठाऊक असलेलं माणूस एकच होतं. मंगल माझ्याकडे आली.

"अक्का, तुझ्याबिगर कुणाला ठावं न्हाय. येकदा चल की माझ्यासंगं, तेवढं सांग."

"उद्या येतो की, त्यात काय," मी म्हणाले.

आणि उद्या उजाडला तेव्हा मी जयसिंगपूरच्या गाडीत होते. भावाचं पोर आजारी आहे, असं सांगून माहेरी गेले. पोर अंगणात उड्या मारत होतं. मी का पळाले? त्या ऑफिसात तोच माणूस बसलेला असला, आणि मंगलसमोर म्हणाला, "याच बाईंनी सांगितलं होतं," तर? भीती तेवढीच होती. सुनीताचा कोर्स माझ्या मनातही आला नाही.

मी परतले तोवर सगळं निकालात निघालं होतं. दुसऱ्या कुणाला सांगायला भाऊजींनी मंगलला बंदी केली होती. भत्ता जाऊ दे पण गल्लीत शोभा नको. सुनीताचा कोर्स अर्ध्यावर सुटला. पुढं ती तिघं मंगलच्या माहेरी, आजऱ्याला निघून गेली. सामान टेंपोत चढवायला मी मदत केली. भांडी मीच कागदात गुंडाळली.

बऱ्याच वर्षांनी आजऱ्याला एका लग्नात मंगल भेटली. मायलेकी दोघी काजूच्या कारखान्यात जातात म्हणाली. टरफलाच्या तेलानं तिची बोटं काळी पडली होती, कातडी जागोजागी सोललेली. त्याच बोटांनी तिनं माझा हात धरला आणि मला बाजूला नेलं. कळलं हिला, असंच वाटलं मला.

"सगळ्या गल्लीत तुला येकटीला ठावं हुतं अक्का," ती म्हणाली. "पर तू तोंड उघडलं न्हाईस. ह्यांची अब्रू तू राखलीस. अजून नाव काढत्यात तुझं."

आणि पिशवीतून काजूचा एक पुडा काढून माझ्या हातात ठेवला.

मी तो घेतला. बोलायला जागा होती, वेळ होता, आसपास कुणी नव्हतं. मी म्हणाले, "कशाला गं एवढं?"

घरी आल्यावर ते काजू शिऱ्यात घातले. हे म्हणाले, चांगला झालाय. मीही वाटीभर खाल्ला.