सुजाता, हजर!

आमच्या ग्रुपवर कुणी नुसतं 'हजर' एवढं टाकलं की संपलं! पुढचा तासभर कुणाच्याच ऑफिसात काम होत नाही. ऋतुजा पुण्याहून एक किस्सा सुरू करते, नाझिया मध्येच टोकते, "ऐसा नै हुआ था, मैं बताती!" एम.ए.च्या पहिल्या वर्षाचे हे किस्से दर दिवाळीला थोडे वाढतात. आज मीच सांगते, म्हणजे वाद नको.

*

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी. मी परभणीची, ऋतुजा पुण्याची, आणि सुजाता अजिंठ्याजवळच्या खेड्यातली. सुजाताला सोडायला तिचे अण्णा आले होते. निघताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघ. नाय करमलं तर ये परत. पण मग पुन्हा शिक्षणाचं नाव काढायचं नाय." घरी स्थळं बघणं चालूच होतं.

सुजाताला पहिल्या दिवसापासून करमेना. संध्याकाळी खिडकीत बसायची आणि म्हणायची, "आमच्या गावावरनं जाणारी जळगावची गाडी अर्ध्या अर्ध्या तासाला हाय. कवा पण निघता येतं."

आठवडाभर हे ऐकून ऋतुजा वैतागली. "अगं, तू शिकायला आलीस का एसटीची चौकशी खिडकी चालवायला?"

*

इतिहासाच्या एम.ए.चा पहिलाच तास. सर मान खाली घालून हजेरी घेत होते. आमचं आपलं 'येस सर', 'प्रेझेंट सर' चाललेलं. सुजाताचं नाव आलं. ती ताडकन उभी राहिली आणि झेडपीच्या शाळेत द्यायची तशी खणखणीत आरोळी दिली, "हजर!"

वर्ग हसून हसून लोळला. सरांनी चष्मा वर केला. "बाई, हजेरी आहे ही, परेड नाही!"

त्या दिवसापासून तिचं नावच 'हजर' पडलं. तिला ते लई लागलं होतं. दुसऱ्या दिवसापासून हळूच 'प्रेझेंट' म्हणायला लागली.

*

आता माझी पण फजिती ऐका. दुसऱ्याच आठवड्यात मी चुकून केमिस्ट्रीच्या वर्गात जाऊन बसले. फळ्यावर कसले तरी षटकोन काढलेले बघून लक्षात आलं, पण उठून जायची लाज वाटली. मग काय, बसले सगळं उतरवत. तास संपताना तिथले सर म्हणाले, "सगळ्या वर्गात ही एकच मुलगी मन लावून लिहितेय. शिका काहीतरी हिच्याकडून!"

*

नाझिया आमच्या वर्गातली, राहणारी त्याच शहरातली. आम्हाला शहर तिनंच दाखवलं. रिक्षावाल्यानं जास्त भाडं सांगितलं की तिचं एकच उत्तर, "नक्को!" तेवढ्यावर तो खाली यायचा.

तिच्या आणि आमच्या संगतीत ऋतुजाची पुणेरी जीभ कधी वळली कळलंच नाही. एकदा आईशी फोनवर बोलत होती, "आई, इथं लई मज्जा येते गं."

पलीकडून आई ओरडली, "इथं काय? इथे म्हण!"

"बरं, इथे. इथे लई मज्जा येते!"

*

मग दौलताबादची सहल. किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत शिरलो. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना, वटवाघळांचा वास, आणि मुलांची खिदळाखिदळी. कुणी मागं राहिलं का बघायला सरांनी तिथंच, आठवतील तशी नावं घेत हजेरी सुरू केली. येस आणि प्रेझेंटचा नुसता गलका. कोण कोण बोललं, कुणाला कळेना. आणि एकदम अंधारातून आवाज आला, "हजर!"

घाबरली असेल, जुनं तोंडातून निसटलं असेल. पण सर खूष! "हे बघा, याला म्हणतात हजेरी! सगळ्यांनी असंच ओरडा, नाहीतर इथंच राहाल!"

मग आम्ही सगळे 'हजर, हजर' ओरडत बाहेर आलो. परत येताना बसमध्ये सुजाता पहिल्यांदा पोटभर हसली. मला वाटलं, झालं, करमलं हिला.

*

कुठलं काय! दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या आणि तिचा सेमिनार होता. आठवडाभर पाठ केलं होतं बिचारीनं. समोर उभी राहिली आणि शब्दच फुटेना. मागच्या बाकावरून अमोल म्हणाला, "काय हजर, आज गैरहजर का?" वर्ग हसला. ती खाली मान घालून जागेवर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून दारात उभी. नाझिया मुद्दाम लवकर आली होती. "कायकू जाती गे? नक्को जा ना!" ऋतुजा तर रडायलाच लागली.

"जाते गं," सुजाता म्हणाली.

"अगं, येते म्हण की!" मी म्हटलं.

"नाय. जाते."

ती गेली. तिच्या रिकाम्या कॉटकडं बघवेना. त्या खोलीत आता दुसऱ्याच तिघी राहत असतील, पण आजही ती सकाळ आठवली की ती रिकामी कॉटच डोळ्यांसमोर येते.

आम्ही तशाच वर्गात जाऊन बसलो. हजेरी सुरू झाली. सर मान खाली घालून नावं घेत होते. सुजाताचं नाव आलं आणि मला गप्प बसवेना. मी म्हणाले, "हजर!"

पाठोपाठ ऋतुजा, "हजर!" मग नाझिया. मग आणखी कुणी कुणी. शेवटी मागच्या बाकावरून अमोलसुद्धा, "हजर, सर!"

सरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा वर केला. आता खैर नाही म्हणून आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"येऊ का, सर?"

दारात सुजाता. खांद्याला बॅग, घामाघूम झालेली.

"कुठं होतीस?"

"गाडी हुकली, सर."

सरांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा आमच्याकडं, आणि पेन उचललं.

"ये, बस. आठवडाभराची हजेरी लागलीय तुझी!"