सगळ्यांनी पाठ केलेली बकरी

धामणगाव बढ्याच्या पुढच्या एका शाळेत मी मुलांचं वाचन तपासायला गेले होते. एकेकाला व्हरांड्यात बोलवायचं, गोष्टीचा कागद हातात द्यायचा, वाचून झालं की प्रश्न विचारायचा. ज्याला वाचता येत नाही त्याला सकाळच्या अक्षरांच्या वर्गात घालायचं, ज्याला येतं त्याची सुटका. मुख्याध्यापकांना सगळ्यांचीच सुटका हवी होती.

तिसरीतली एक मुलगी घडाघडा वाचत सुटली. 'बकरी टेकडीवर गेली' इथे थांबली, छातीतून घरघरता श्वास घेतला आणि पुढे निघाली. सर्दी असेल, म्हटलं. पण पुढचा मुलगाही तिथेच थांबला, तसाच घरघरला. त्याच्या मागची मुलगीही. एवढ्याशा छातीतून म्हाताऱ्या माणसाचा श्वास! भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

पहिल्या मुलीला परत बोलावलं आणि मध्येच कागद काढून घेतला. तिचे डोळे रिकाम्या हातांवरून ओळीओळीने सरकत राहिले. गोष्ट चालूच होती.

"बकरी घरी आली का गं?"

ती गोंधळली. "मले नाही मालूम."

"मग मध्येच का थांबतेस?"

"तिथी बाईले दम लागते."

खिचडी शिजवणाऱ्या ताई चुलीपासूनच म्हणाल्या, "दमा होता बाईले. त्या म्हनत, मांगून लेकरं म्हनत. गेल्या साली वारल्या." मागच्या तपासणीचा, याच गोष्टीचा कागद शाळेत राहिला होता, साहेब येतील म्हणून वर्गाच्या बाईंनी तोच घोकून घेतलेला. वारलेल्या बाई अजून वर्ग घेत होत्या. मी सरळ घाबरले.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, वाचून राह्यली ना! लिहा ना, वाचते म्हणून." तसं लिहिलं असतं तर पोरगी अक्षर न ओळखताच वरच्या वरच्या वर्गांत ढकलली गेली असती. मी हट्टाने तिला सकाळच्या वर्गात घातलं. ते रागावले. रागावू देत.

उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा गेले. तीच मुलगी, तीच गोष्ट. आता ती बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत वाचत होती, ऐकणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा इतकं हळू. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. तिने ती ओळ परत वाचली. चेहरा उतरला.

"मॅडम, बकरी आलीच नाही?"

"नाही."

"आमी रोज म्हनत होतो," ती म्हणाली, "अन् तिले आनाले कोनीच नाही गेलं."