माईंच्या कानावरचा रेडिओ

आमच्या लालबागच्या चाळीत काही घडलं की ते तिथेच संपत नाही. नळावर त्याला शेपूट फुटतं आणि गच्चीवर शिंगं! शेजारच्या प्रमिलावहिनींचे किस्से असेच साठत गेले. बहुतेकांत दचकून किंचाळणारी एक मुलगी आहे. ती मी.

सुरुवात आप्पांनी केली. वहिनींच्या सासूबाई, माई, यांना कमी ऐकू यायला लागलं, तसा त्यांचा रेडिओ मोठा होत गेला. एका संध्याकाळी समोरच्या खोलीतले आप्पा गॅलरीतून म्हणाले, "माई, तुमच्या कानांपायी आमचे का फोडता?"

माईंनी मुकाट्यानं बटण बंद केलं आणि रेडिओवर विणलेला रुमाल टाकला. तो रुमाल निघेचना. कीर्तनाच्या वेळेला माई मुक्या रेडिओसमोर नुसत्याच बसायच्या.

* * *

वहिनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी चोरबाजारातून लष्करी हेडफोन आणले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात व्हॉल्व्ह बसवून छोटा अ‍ॅम्प्लिफायर केला.

"तार स्पीकरच्या आधीच काढायची," त्यांनी मला समजावलं. "म्हणजे स्पीकर गप्प असला तरी माईंना ऐकू येईल. आवाजाचं बटणही त्यांचं वेगळं."

काय ती बाई! चालू रेडिओत तपासणी करताना डावा हात पाठीशी, म्हणजे शॉक छातीतून जायला नको. मी बी. ए. झालेली, पण मला नुसतं बघूनच घाम फुटायचा.

पहिली चाचणी अर्थात माझ्यावर. मी लाकडी पाटावर उभी राहिले, देवाचं नाव घेतलं, हेडफोन कानांना लावले आणि किंचाळले.

"अगं," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "प्लग अजून माझ्या हातात आहे."

* * *

सगळं तयार झालं, तर माई ऐकेनात. "माका घोडी समजलंस काय गो? ह्यो लगाम माका नको!"

वहिनींनी वाद घातला नाही. कीर्तनाच्या वेळी माईंच्या शेजारी मला बसवलं, हेडफोन घालून. मला भीती विसरायला दोन अभंग लागले. मग मी मान डोलवायला लागले. माई काहीतरी विचारत होत्या म्हणे, मला पत्ताच नाही.

शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढले. "कधीपासून इचारतंय, कोण गाता म्हणून. बहिरी झालंस काय गो?"

आणि स्वतःच्या कानांना लावले.

* * *

हेडफोन घातले की आपला आवाज आपल्याला कळत नाही. त्यामुळे रेडिओ गप्प झाला आणि माई सुरू झाल्या. एकदा त्यांनी सुनेच्या कानात गुपित सांगितलं, ते अख्ख्या मजल्यानं ऐकलं. "आप्पाचो रस्सो रोज करपता गो, पण माणूस वायट नाय!"

मग समोरच्या खोलीतून कढई खरवडल्याचा आवाज आला.

* * *

आणि तो दिवस. मुंबई महाराष्ट्रात राहणार की नाही, याचा निकाल संध्याकाळच्या बातम्यांत सांगणार, अशी गिरणगावभर बोलवा होती. माईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, गॅलरीसुद्धा भरलेली. आप्पा दारात. मुंबईसाठीच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेला माणूस, पण त्या दिवशी चौकट घट्ट धरून उभा होता.

बातम्या लागणार एवढ्यात स्पीकर घरघरला आणि मेला. मी किंचाळलेच.

वहिनींनी डब्यात वाकून पाहिलं. व्हॉल्व्ह लाल होता, म्हणजे डबा चालू होता. त्यांनी हेडफोन माईंच्या कानांना लावले. पातेल्यात ठेवले तर सगळ्यांना थोडं ऐकू येईल, म्हणून त्या पातेलंही घेऊन आल्या. पण बातम्या लागल्या होत्या आणि माईंनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले होते.

मग अख्खी चाळ, कमी ऐकू येणाऱ्या त्या एकाच बाईच्या तोंडाकडे बघत राहिली. माईंचे ओठ हलले, थांबले. डोळे भरले. एरवी मजला हादरवणाऱ्या माईंचा आवाज त्या दिवशी फुटेचना.

"मुंबय... आपलीच रवली."

पुढच्या दोघातिघांनाच ते ऐकू गेलं. दारातून आप्पा म्हणाले,

"माई, जरा मोठ्यानं."